मुका उतार

भुताच्या गोष्टीला अंधार लागतो असं ज्याला वाटतं, त्यानं वैशाखातल्या भर दुपारी वाशीमकडच्या मालेगावहून शिरपूरकडे एकट्यानं चालत जाऊन पाहावं. कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बाभळीत गप्प बसलेले असतात. दिसायला सगळं लख्ख दिसतं, ऐकू मात्र काही येत नाही, आणि थोडं अंतर गेलं की माणूस उगीच खाकरून स्वतःचा आवाज आहे का ते तपासतो. ही गोष्ट अशाच एका दुपारची आहे. दिवा जवळ ओढायचा असेल तर खुशाल ओढा, पण तो कामी येईल असं समजू नका.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि तेही नशिबात असेल तर. जिजाबाई माळीण त्या दुपारच्या आदल्या दिवशी सकाळी नेहमीसारखी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन दौलतरावांच्या घरी निघाली होती. मालेगावात दौलतरावांची एक लारी होती. पुढे ड्रायव्हर बसायचा, मागे बाकं टाकलेली. शिरपूरच्या जैन मंदिराचे यात्रेकरू, बाजारची माणसं, भाजीची पोती, कोंबड्या, सगळं त्या एका लारीत मावायचं, कारण मावलंच पाहिजे असा दौलतरावांचा हुकूम होता. ती लारी चालवायचा चंपत माळी, म्हणजे जिजाबाईचा नवरा.

गेल्या वैशाखात शिरपूरच्या वाटेवरच्या चिंधाबाईच्या उतारावर लारी आवरली नाही आणि खालच्या नाल्यात उलटली. प्रयागबाई नावाची एक म्हातारी सवारी जागीच गेली, चार माणसं मोडली, आणि चंपत लारीपासून बराच वर, रस्त्याच्या कडेला, डोकं फुटून मरून पडलेला सापडला. त्या 'बराच वर'नं जिजाबाईचा संसार तर मोडलाच, वर नावही नासवलं. सवाऱ्या सोडून ड्रायव्हरनं उडी मारली, असं दौलतराव त्याच संध्याकाळी पारावर बोलले. गावाला ते पटलं. माणूस मेला की त्याच्याबद्दल काहीही पटतं.

तेव्हापासून जिजाबाईला गावात 'उडीमाऱ्याची' म्हणत. विहिरीवर तिची घागर लागली की बाया आपापल्या घागरी बाजूला घेत. भाजी घेतानाही कोणीतरी हसून विचारायचंच, "जिजे, तुयी वांगी टोपलीतून उडी त नाई मारत न?" ती वांगं दाबून दाखवायची आणि पुढं जायची. पण रात्री मळ्यातल्या खोपीत तिला झोप लागत नसे. तिला तिचा माणूस माहीत होता. भाजीच्या पोत्यांवर बसून ती कितीदा त्याच्या लारीतून शिरपूरच्या बाजाराला गेली होती. ब्रेक दाबायची त्याची एक रीत होती. आधी दोनदा हलका, तिसऱ्यांदा पुरा. मागं पोत्यावर बसलेल्या जिजाबाईला ते अंगात कळायचं. दोन छोटे हिसके, मग लारी थांबायची. असा माणूस सवाऱ्या टाकून उडी मारील, हे तिला कोणी सोन्याच्या ताटात वाढलं असतं तरी तिनं ताट भिरकावलं असतं.

दौलतरावांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडात लारी उभी होती आणि तिच्याखालून दोन जाडजूड पाय बाहेर आले होते. ते रतनसिंगचे. वाशीमचा मिस्त्री. लारी दुरुस्त करून दौलतरावांनी उकंडराव नावाचा दुसरा ड्रायव्हर ठेवला होता, पण तो थोड्याच फेऱ्यांत पळाला. त्याचं म्हणणं, गावात ब्रेक चांगला लागतो, पण चिंधाबाईच्या उतारावर पायडल दगडासारखा होतो, खालून कोणीतरी हात लावून धरतं. अशी लारी विकतही कोणी घेईना. म्हणून रतनसिंग.

"काय रोग सापडला, भाऊ?" जिजाबाईनं टोपली खाली ठेवली.

रतनसिंग सरपटत बाहेर आला. मिशीला ग्रीस लागलं होतं. "रोगच नाई, बाई. सळ्या पाह्यल्या, चाकं खोलून पाह्यली, नळी पाह्यली. मोटार ठणठणीत हाय. आता औषध देऊ त कोनाले देऊ?"

"मंग पायडल दगड काहून होते?"

"मलेच इचारता? त्या पायडलले इचारा." तो हसला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. कोणाची बायको आहे हे त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार. "बसा वर. तुमच्याच पायानं पाहा."

जिजाबाई त्या सीटवर कधी बसली नव्हती. सीटचं चामडं एका बाजूला दबलेलं होतं, चंपतच्या बसण्यानं. तिनं लुगडं सावरून पाय पुढे केला. रतनसिंगनं हँडल फिरवून इंजन सुरू केलं आणि सगळं शेड थरथरलं. तिनं पायडल दाबला. नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यात पाय जावा तसा तो खाली गेला.

"पाह्यलं? लहान लेकरूबी दाबन."

तेवढ्यात ओसरीवरून दौलतराव ओरडले, "रतनसिंग! पेट्रोल काय तुया बापानं ठेवलं काय? बंद कर ते!"

रतनसिंगनं इंजन बंद केलं आणि पुटपुटत फडक्यानं हात पुसू लागला. जिजाबाईचा पाय अजून पायडलवरच होता. तिनं पुन्हा दाबला. गेला. पुन्हा दाबला. अर्धा गेला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पायडल जागचा हलला नाही. तिनं सीटला पाठ रेटून सगळा जोर लावला. टाच दुखली, गुडघा दुखला, पायडल तसाच. आणि आपल्या पायाखाली आत्ता जे आहे तेच चंपतच्या पायाखाली शेवटी होतं, हे तिला कोणी न सांगता कळलं.

"भाऊ... हे पाह्य."

रतनसिंगनं वाकून हातानं पायडल दाबून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. ग्रीसचा पंजा कपाळावर उमटला. "अरे देवा! मी सकायपासून इंजन चालू ठिवूनच पाहून राह्यलो!" मग तो तिला सांगू लागला, पण अर्धं तो स्वतःलाच सांगत होता. या मोठ्या गाडीचा ब्रेक एकट्या माणसाच्या पायाला झेपत नाही. खाली एक डबा आहे. इंजन चालू असलं की ते नळीतून त्या डब्यातली हवा ओढतं, आणि त्या ओढीनं डबा पायाला हात देतो. इंजन बंद झालं की डब्यातली उरलेली ओढ एकदोन दाबांपुरती. मग डबा मेला. मग पायडल म्हणजे दगड.

"पन चालत्या गाडीचं इंजन कोन बंद करते?" तो म्हणाला. "येडा बी नाई करनार."

जिजाबाई खाली उतरली. "तुमी वाशीमचे. तुमाले मालूम नाई. चिंधाबाईच्या उतारावर समदेच करतात."

आता हा उतार सांगितला पाहिजे. उताराच्या माथ्यावर एक जुनं, बाभळीसारखं काटेरी हिवराचं झाड आहे आणि त्याला पानांपेक्षा चिंध्या जास्त. येणारा-जाणारा आपल्या अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडून तिथं बांधतो. तीच चिंधाबाई. मूर्ती नाही, देऊळ नाही. तिला फक्त दोन गोष्टी लागतात, एक चिंधी आणि शांतता. उतारावर आवाज केलेला तिला चालत नाही. म्हणून गाडीवान माथ्यावर थांबून एक चिंधी झाडाला बांधायचा आणि दुसरी बैलांच्या घंटेत कोंबायचा, आणि नाला ओलांडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. रडणाऱ्या लेकराच्या तोंडावरही पदर धरायचे. पुढे मोटार आली. मोटारीला घंटाच नाही, चिंधी कशात कोंबणार? मग मोटारवाल्यांनी माथ्यावर गिअर काढून इंजनच बंद करायचं ठरवलं. लारी उतारावरून मुकी, आपल्याच वजनानं घरंगळत जायची. बाईचा मान राहायचा आणि दौलतरावांचं पेट्रोलही. दोघांपैकी जास्त समाधान कोणाला होतं हे मी सांगत नाही.

जिजाबाई सरळ ओसरीवर गेली. दौलतराव पानाला चुना लावत होते.

"मालक, इंजन बंद केलं की ब्रेक लागत नाई. मिस्त्रीले इचारा. आमच्या घरच्यायनं दाबला होता. तुमच्या हुकमानं त्याचा दगड झाला होता."

दौलतरावांनी पान तोंडात टाकलं. "हुकूम माया नाई, बाईचा. अन् दाबला होता हे कोनं पाह्यलं? दाबनारा मानूस गाडीत सापडते. वर रस्त्यावर नाई."

"गाडी आपटली त मानूस फेकला जाते."

"जाते नाईतर जात नाई. कोनं पाह्यलं?"

मग जिजाबाईनं असं काही म्हटलं की दौलतरावांचं पान गालातच राहिलं. "इंजन चालू ठिवून उतारावरून लारी आनतो. भर दुपारी. मिस्त्री चालवन, मी सोता बाजूले बसन. तुमी पंचाइले घेऊन नाल्यात उभे राहा. ब्रेक लागला, त चंप... त आमच्या घरच्यायनं उडी मारली नाई असं पारावर तुमच्या तोंडानं म्हनायचं."

रागाच्या भरात नवऱ्याचं नाव निम्मं तोंडातून गेलं होतं. तिनं जीभ चावली. तिच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, मेल्यावर तर नाहीच.

"बाई कोपली त?" दौलतराव सावकाश म्हणाले.

"गेल्या साली काय खुश होती?"

ब्रेक लागला तर लारी विकली जाणार होती आणि नाही लागला तर दोष जिजाबाईचा. दौलतरावांनी मान हलवली. असल्या सौद्यात ते कधी चुकत नसत.

सासू हौसाबाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आडवी बसली. म्हातारी रडत नव्हती, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "जिजा, नको जाऊ. जाशीनच त माथ्यावर एक चिंधी बांध. तुयं काय जाते?"

"त्यायनं बी बांधली होती, माय. एक डाव नाई, दर खेपेले. अंगातली पैरन फाटकी दिसे म्हनून मी भांडे." जिजाबाईनं धुतलेलं निळं लुगडं नेसलं, एकच चांगलं होतं, आणि पदर कमरेला घट्ट खोचला. "समदं घेऊनबी तिनं धरलं नाई. आता तिले एक दोरा देनार नाई मी."

हौसाबाईनं वाट सोडली. मुलाची आई होती. तिलाही ते नाव नको होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा लारी माथ्यावर पोचली. मागची बाकं रिकामी होती. रतनसिंग वाटेत सारखा बोलत होता, पण हिवर दिसलं तसा तो गप्प झाला. त्यानं लारी थांबवली, इंजन चालूच ठेवलं, आणि जिजाबाईकडे न पाहता उतरून आपल्या फेट्याची पट्टी फाडून झाडाला बांधून आला. यंत्रावर त्याचा विश्वास होता, पण त्याला घरी लेकरंही होती. जिजाबाई झाडाकडे पाहत होती. वारा नव्हता. शेकडो चिंध्या सरळ खाली लोंबत होत्या. त्यातली एखादी चंपतच्या पैरणीची असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं शोधायचं टाळलं.

"बाई," ती झाडाला म्हणाली, इंजनाच्या वर आवाज चढवून, "आज गाडी मुकी जानार नाई. आयक."

मग तिनं हात लांब करून भोंग्याचा रबरी गोळा दाबला. त्या उतारावर माणसाच्या आठवणीत पहिल्यांदाच असा आवाज झाला असेल. नाल्यात उभी असलेली माणसं एका जागी गोळा झालेली वरून दिसली.

लारी उतरू लागली. रतनसिंगनं लगेच ब्रेक लावून पाहिला. लागला. सोडला, पुन्हा लावला. लागला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. वाफ्यात पाय जावा तसा पायडल खाली जात होता आणि लारी शहाण्या बैलासारखी थांबत होती.

"लागला, बाई! लागला!" रतनसिंग ओरडला. जिजाबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. एवढंच होतं. एक इंजन चालू ठेवायचं. एवढ्यासाठी माणूस गेला, म्हातारी गेली, आणि वर्षभर तिनं त्या शिव्या खाल्ल्या. तिला कोणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि समोर दौलतराव फार लांब होते.

उतार अर्धा झाला. तिथंच, डाव्या हाताच्या खडकाजवळ, चंपत सापडला होता. रतनसिंगला ते ठाऊक नव्हतं. त्यानं पायडलवरून पाय काढून खाली टेकवला आणि लारी गिअरमध्ये सावकाश चालू दिली.

आधी वास आला. ओल्या कपड्याचा, घडी करून ठेवलेल्या, न वाळलेल्या कपड्याचा. त्या उन्हात, जिथं नाल्यातसुद्धा थेंब नव्हता, तिथं. जिजाबाईनं श्वास ओढला आणि इंजनाचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. इंजन चालू होतं. तिच्या मांडीला थरथर जाणवत होती. पण आवाज कमी कमी होत होता, जसा कोणी त्याच्यात बोळा कोंबत असावं.

"भाऊ... आयकू येते काय तुमाले?"

"नाई..." रतनसिंगचे ओठ पांढरे पडले होते. "कायच... नाई येत."

मग लारीला हिसका बसला. लहान. परत एक लहान. जिजाबाईच्या पाठीतून कळ गेली, कारण हे हिसके तिच्या अंगाला माहीत होते. तिनं खाली पाहिलं. रतनसिंगचे दोन्ही पाय पायडलपासून लांब होते. पायडल एकटा वरखाली होत होता. तिसऱ्यांदा तो पुरा खाली गेला, फळीला टेकला, आणि लारी जागच्या जागी थांबली. इंजन आचका देऊन बंद पडलं.

आता खरंच काही ऐकू येत नव्हतं.

रतनसिंगनं दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले होते. मग, मिस्त्रीच तो, त्याला राहवेना. त्यानं वाकून पायडलला हात घातला आणि वर ओढला. दोन्ही हातांनी ओढला. मानेच्या शिरा तटतटल्या. पायडल खालीच राहिला.

"दगड..." तो कुजबुजला. "वरून... वरून कोनी तरी..."

आणि रतनसिंगनं उडी मारली. दार उघडून, फेटा तिथंच टाकून, सवारी सोडून त्यानं उडी मारली. खालच्या माणसांनी ती पाहिली. वर्षभर ज्या उडीच्या नावानं गाव बोलत होतं, ती खरी उडी कशी असते हे त्या दुपारी सगळ्यांनी पाहिलं.

जिजाबाई एकटी उरली. पळावं असं तिला वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. तिचे पाय पळायलाच निघाले होते. पण तिच्या शेजारची ड्रायव्हरची सीट, ती दबलेली बाजू, हळूहळू आणखी दबली. चामडं करकरलं. एवढा जोर लावून कोणीतरी ब्रेक धरला होता की सीटला पाठ रुतत होती. काल शेडात तिनंही अशीच पाठ रेटली होती. तिची भीती तिथंच गेली असं नाही, पण तिच्या वर दुसरं काही येऊन बसलं. वर्षभर हा माणूस इथं पाय रोवून आहे. सोडायचा कधी हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

तिनं दाराबाहेर डोकं काढलं. "रतनसिंगभाऊ! चाकाखाली दगड लावा. पुढच्या दोनी चाकाले. पयता कुठं!"

रतनसिंग खडकाआड होता. पण तो आवाज असा होता की तो आला. त्यानं मोठे दगड लोटून चाकांना लावले आणि पुन्हा लांब जाऊन उभा राहिला.

जिजाबाई सीटकडे वळली. खोचलेल्या पदराची कड डोक्यावर ओढली. सगळं आयुष्य तोंडात अडवून ठेवलेलं नाव तिनं घेतलं.

"चंपतराव."

काही झालं नाही.

"चंपतराव, गाडी थांबली. चाकाले दगड लावले. आता कुठं जात नाई." तिचा आवाज फाटला, तिनं तो पुन्हा सावरला. "तुमी धरली होती. समद्याइनं पाह्यलं. सवाऱ्या उतरल्या. आता सोडा... पाय दुखला असन."

बराच वेळ गेला. मग पायडल वर येऊ लागला. एकदम नाही. दिवसभर उभं राहिलेला माणूस जसा भिंतीला धरून बसतो, तितका सावकाश. सीटचा खळगा भरून आला. जिजाबाई रडली ती तेव्हा.

तिचं रडणं चालू असतानाच मागच्या बाजूच्या फळ्या वाजल्या. रिकाम्या बाकांकडून कोणीतरी उठून, दांडीला धरून, म्हाताऱ्या बाईसारखं एकेक पाऊल टाकत खाली उतरलं, आणि लारी मागून हलकी झाली. तिनं वळून पाहिलं नाही. सवाऱ्या उतरल्या असं आपण म्हणालो ते घाईचं होतं, एवढंच तिला वाटलं.

त्या संध्याकाळी पारावर दौलतरावांना बोलावं लागलं. "चंपतनं ब्रेक दाबला होता," ते म्हणाले, आणि लोकांनी "मोठ्यानं" म्हटल्यावर पुन्हा म्हणाले. इंजन बंद करायचा हुकूम त्यांचा होता हेही जिजाबाईनं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. 'उडीमाऱ्या' हे नाव गावानं वाया जाऊ दिलं नाही. ते रतनसिंगला दिलं. बिचाऱ्यानं तक्रार केली नाही. त्या उतारावरून पुढे मोटारी इंजन चालू ठेवूनच जाऊ लागल्या. चिंधी मात्र बांधत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई मळ्यात वांग्याला पाणी देत होती तेव्हा रतनसिंग बांधावर येऊन उभा राहिला. आत येईना. मूठ बंद होती.

"लारीच्या फळ्या खोलल्या," तो म्हणाला. "डबा एकदा साफ करावा म्हनून. पायडलची सळी खालून जिथं डब्याले लागते न... तिथं बांधलेलं होतं. फळ्या काढल्याबिगर तिथं हातच पोचत नाई, बाई."

त्यानं मूठ उघडली. निळ्या लुगड्याची पट्टी होती, काठासकट फाडलेली. ओली.

जिजाबाईनं पदर पुढे घेतला. कालपासून तो कमरेला खोचलेला होता, घरी आल्यावर थकून ती तशीच झोपली होती. पदराचं एक टोक नव्हतं. तिनं पट्टी लावून पाहिली. दोरा दोऱ्याला लागला. पट्टीला गाठ तशीच होती. मेथीच्या जुड्या बांधून बांधून चंपतची गाठ डावीकडे वळायची, ती तिनं हजार गाठींत ओळखली असती. ही उजवीकडे वळलेली होती.

"झाडाले नेऊन बांधा," रतनसिंग काकुळतीनं म्हणाला. "तिनं घेतलीच हाय. आता देऊन टाका."

"मी देली नाई," जिजाबाई म्हणाली. "लुगडं मायं हाय."

तिनं नखानं ती गाठ सोडली, पट्टी पाटाच्या पाण्यात धुतली, कुंपणावर वाळत घातली, आणि दुपारी खोपीत बसून पदराला परत शिवली. बारीक, जवळजवळ टाके घातले. ते लुगडं अजून तिच्याकडे आहे. आता नेसण्यासारखं राहिलेलं नाही, पण ती कोणाला देत नाही, पेटीत ठेवते. दर वैशाखात एका दुपारी ती पेटी उघडते तेव्हा ते टाके उसवलेले असतात आणि पट्टी ओली असते. जिजाबाई ती उन्हात वाळवते, सुईत दोरा ओवते आणि परत शिवायला बसते.